केस मुलीचे, निर्णयही मुलीचाच



भीमाकाठच्या मांडवगण फराट्यासारख्या गावातल्या वस्तीतही आता मोबाइलवर केसदानाचे व्हिडिओ पोहोचले आहेत. सहावी-सातवीतली एखादी मुलगी कॅन्सरच्या रुग्णांसाठी लांब वेणी कापून देते. ते पाहून आपली मुलगीही म्हणते, "आई, मलापण द्यायचेत." आईच्या पोटात धस्स होते. आजी म्हणते, "बाईच्या जातीला केसच शोभतात."

आमचे मत स्पष्ट आहे. मुलीला मनापासून द्यायचे असतील, तर देऊ द्यावेत.

कॅन्सरवरील केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. त्यात केसांच्या मुळांनाही फटका बसतो. उपचार सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. उपचार संपल्यावर ते बहुधा परत येतात, पण त्याला काही महिने लागतात. तोवर त्या लेकराला शाळेत, नळावर, लग्नकार्यात लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात. कॅन्सर लागट नाही, तरी माणसे दूर सरकतात. अशा वेळी केसांचा टोप आधार देतो. मुंबईच्या मदत चॅरिटेबल ट्रस्टच्या 'कोप विथ कॅन्सर' उपक्रमातून असे टोप गरजू रुग्णांना मोफत दिले जातात. एका टोपासाठी अनेकांचे केस लागतात.

केस कापल्याने अशक्तपणा येत नाही, डोळेही बिघडत नाहीत. त्वचेबाहेरचा केस निर्जीव असतो. तो महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. संस्था बहुधा 12 इंच किंवा त्याहून लांब केस मागतात. म्हणजे दिलेली वेणी परत यायला दोन वर्षे लागतात, हे मुलीला आधीच सांगावे. केस धुऊन पूर्ण वाळवावेत, दोन्ही टोकांना रबर बांधून मग कापावेत. कंगव्यातले गुंतलेले केस चालत नाहीत. कापण्याआधी संस्थेला फोन करून नियम विचारावेत. केसांवर भांडी देणारे दारावर येतात, तो धंदा आहे. त्याला दान समजू नये.

केस आधीच विरळ झाले असतील, गळत असतील, तर मात्र आधी रक्त तपासून घ्यावे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलगी खरोखर खाते का, तेही पाहावे.

आता मुख्य मुद्दा. आपल्या समाजात बाईच्या केसांचा निर्णय नेहमी दुसऱ्यांनीच घेतला. नवरा मेला की ब्राह्मण विधवेचे केशवपन व्हायचे. सत्यशोधक चळवळीच्या काळात नाभिक बांधवांनी वस्तरा चालवायला नकार दिला, तो याच अन्यायाविरुद्ध. आपल्याकडे मुलीच्या केसांत गुंता झाला की 'देवीची जट आली' म्हणून तिला यल्लम्माला सोडले जाई. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आजही पुणे जिल्ह्यात बायकांची समजूत घालून जटा सोडवत आहेत. जे केस देवाचे आणि नवऱ्याचे मानले गेले, ते आज मुलगी स्वतःचे म्हणते आणि स्वतःच्या मनाने देते, ही लहान गोष्ट नाही.

म्हणूनच दानाची सक्ती नको. शाळेने यादी करू नये. 'हिने दिले, तू का नाही?' असे आईनेही म्हणू नये. आयत्या वेळी मुलगी 'नको' म्हणाली, तर कात्री खाली ठेवावी. तिला विचारल्याशिवाय फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नये. धम्मात दानाचे मोल चेतनेवर ठरते, टाळ्यांवर नाही.

आणि 'पोरगी विद्रूप दिसेल' म्हणणाऱ्यांना एक प्रश्न. उन्हाळ्यात श्रामणेर शिबिरात आपली मुले मुंडण करून चीवर घालतात, तेव्हा आपण त्यांना वंदन करतो. मग खांद्यापर्यंत केस ठेवलेल्या मुलीला नावे का ठेवायची?

शेवटी आपल्या मोठ्यांच्या वाट्याचे काम. टोपाने आजार बरा होत नाही. लहान मुलांत रक्ताचा कॅन्सर सर्वाधिक आढळतो आणि वेळेत उपचार मिळाले तर बरीच मुले बरी होतात. ताप आठवडेच्या आठवडे हटत नसेल, अंग पांढरे पडत असेल, मार न लागता निळे डाग उठत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, मानेत गाठ आली असेल, तर देवऋषी नको, थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे.

त्या आजारी लेकराला रक्ताचीही गरज पडते आणि ते अठरा वर्षांखालील मुले देऊ शकत नाहीत. मुलगी वेणी देणार असेल, तर त्याच महिन्यात आई-बापाने रक्तपेढीत जाऊन रक्त द्यावे.