घर जुने, मालकी कोणाची?

भाड्याचे घर कितीही जुने झाले तरी केवळ जुनेपणाने भाडेकरी मालक होत नाही. त्याचा ताबा मालकाच्या परवानगीचा असतो, असे कायदा म्हणतो. शहरास हे ठीक. परंतु चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या वनप्रदेशात ज्या आमच्या बांधवाने पिढ्यान्‌पिढ्या कोणासही भाडे दिले नाही आणि ज्याच्याजवळ मालकीचा कागदही नाही, तो कोण? सरकारदप्तरी तो अतिक्रमणदार!

2006 च्या वनहक्क कायद्याने यातून मार्ग दिला; पण तो सर्वांस सारखा नाही. अनुसूचित जमातीच्या माणसाने 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखविला की पुरे. आमची गणना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या वर्गात होते. आम्हांस त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. गफलत येथेच होते. ‘घर 75 वर्षांचे आहे काय?’ असा सवाल टाकून दावा फेटाळणे कायद्यास धरून नाही. 75 वर्षे आहेत ती रहिवासाची व वनावरील अवलंबनाची. ताबा 2005 च्या त्या तारखेपूर्वीचा असला म्हणजे झाले. आणि कुडाच्या भिंतीस वय विचारणे हेच मुळी हास्यास्पद! ती काही पावसाळ्यांनी पुन्हा नवी होते; जुनी असते ती जागा.

मग पुरावा कोठचा? ग्रामपंचायतीची घरकराची पावती 1930 सालापर्यंत पोचत नाही. तथापि जुन्या कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदी सापडतात. अनेक गावांत ही कोतवालकी आपल्याच पूर्वजांकडे होती, हे विसरू नये. आजोबांच्या नोंदीत ‘महार’ आणि नातवाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ असे असेल, तर वंशावळ जोडावी. 16 ऑक्टोबर 1956 रोजी याच चांद्यास बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा धर्म बदलला, घराणे बदलले नाही. दावेदाराखेरीज अन्य वृद्धांचा लेखी जबाबही नियमांस मान्य आहे. तो आजच घ्यावा; तशी माणसे आता थोडीच उरली.

आणखी एक. घरकुल मंजूर होताच जुने घर पाडण्याची घाई होते. परंतु उभे घर हाही नियमांप्रमाणे पुरावाच आहे. वनहक्क समितीकडून जागेची पाहणी व नोंद करवून घेतल्याशिवाय एक कौलही उतरवू नये. पट्टा मिळेल तो पतिपत्नी दोघांच्या नावे. तो विकता येणार नाही, पण मुलांकडे जाईल.