वाचण्याचे दोन अर्थ

दिवाळीच्या सुमारास मूर्तिजापूर तालुक्यात कापसाचा हंगाम सुरू होतो. कापसाने भरलेल्या गाड्या जिनिंगच्या फाटकापाशी रांगेने उभ्या राहतात. आत यंत्रावर सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते. मग रुई दाबून तिच्या गाठी बांधतात. एका गाठीचे वजन सुमारे १७० किलो असते. शेतातल्या पराटीपासून या गाठीपर्यंत कापूस अनेक हातांतून जातो. फवारणी करणारा मजूर, कापूस वेचणाऱ्या बाया, गाडी हाकणारा, ओझी उचलणारा हमाल आणि यंत्रावरचा कामगार, असे हे हात आहेत. ते परक्यांचे नाहीत. तुमच्या वर्गातील कुणाचे अब्बा, कुणाची अम्मी, कुणाचा मोठा भाऊ त्यांत असतो.

ही माणसे सकाळी कामाला जातात आणि संध्याकाळी धडधाकट घरी येतात, असे आपण गृहीत धरतो. पण नेहमी तसे घडत नाही.

मूर्तिजापूरहून यवतमाळला पूर्वी 'शकुंतला' नावाची छोटी रेल्वेगाडी जात असे. त्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात मोठा अनर्थ झाला. कपाशीवर कीटकनाशक फवारताना शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसे दगावली. कित्येकांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, उलट्या झाल्या, श्वास घेणे कठीण झाले. त्या वर्षी पराटी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येत होता. हवेत उकाडा होता. अनेक ठिकाणी दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. बहुतेकांच्या हातांत हातमोजे नव्हते, तोंडावर मुखपट्टी नव्हती.

कीटकनाशकाच्या डब्यावर धोक्याची खूण आणि सूचना छापल्या पाहिजेत, हा नियम १९७१ पासूनचा आहे. चौकोनी खुणेच्या खालच्या भागात एक रंग असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी. पिवळा म्हणजे त्याहून थोडे कमी, पण तीव्र विषारी. निळा म्हणजे मध्यम विषारी. हिरवा म्हणजे सर्वांत कमी विषारी. मूर्तिजापूर हे रेल्वेचे जंक्शन आहे. तेथील लहान मुलालाही सिग्नलचे रंग ठाऊक असतात. हिरवा दिवा लागला की गाडी खुशाल निघते. डब्यावरच्या हिरव्या रंगाचा मात्र तसा अर्थ नाही. तेही विषच आहे आणि त्यालाही जपूनच हात लावावा लागतो. हा फरक ज्याला कुणी सांगितला नाही, तो फसू शकतो.

मग हा फरक सांगायचा कुणी? माझे मत असे आहे की हे काम शाळेत जाणाऱ्या मुलामुलींनी करावे. त्यांच्याइतके चांगले ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

असे मी का म्हणतो, ते ऐका. डब्यासोबत एक घडी घातलेले माहितीपत्रक असते. त्याची अक्षरे बारीक असतात. ज्याने आयुष्यभर मजुरी केली, त्याला कदाचित वाचता येत नाही. कुणाला फक्त उर्दू वाचता येते. कुणाला वाचता येते, पण दिवसभराच्या कामाने डोळे थकलेले असतात. त्या घरात मराठी वाचू शकणारे एक माणूस मात्र हमखास असते. ते माणूस म्हणजे तुम्ही.

तुम्हांला वाटेल, आमची मराठी अजून कच्ची आहे. पण त्या पत्रकावरचे शब्द नीट पाहा. इशारा, खबरदारी, जखम, इजा, मजूर, मालक, दवाखाना. यांतला कोणता शब्द तुम्हांला परका आहे? हे शब्द तुमच्या घरात रोज बोलले जातात. लिपी तेवढी वेगळी आहे आणि ती तर तुम्ही शिकलाच आहात. परीक्षेत मिळालेल्या गुणांपेक्षा या शिकण्याचा हा उपयोग मला मोठा वाटतो.

मराठीत 'वाचणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. अक्षरे वाचणे हा एक आणि संकटातून वाचणे हा दुसरा. कामाच्या ठिकाणी हे दोन्ही अर्थ एकमेकांच्या फार जवळ येतात. पत्रक वाचले तर कळते की वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, पंपाचे तोंड बंद पडले तर तोंडाने फुंकू नये, काम चालू असताना काही खाऊ नये, तंबाखू मळू नये. काम झाल्यावर साबणाने अंघोळ करावी आणि ते कपडे वेगळे धुवावेत. रिकाम्या डब्यात पाणी किंवा तेल कधीही भरू नये. विषबाधा झाली तर कोणता उपाय करावा, हेही तेथे लिहिलेले असते. म्हणून माणसाला दवाखान्यात नेताना तो डबा किंवा ते पत्रक सोबत न्यावे. डॉक्टरांचा वेळ वाचतो आणि कधी कधी त्यानेच जीव वाचतो.

शेताची गोष्ट झाली. आता कारखान्याकडे या. जिनिंगमध्ये रुईचे बारीक तंतू आणि धूळ हवेत उडत असतात. वर्षानुवर्षे ती धूळ श्वासाबरोबर आत गेली की खोकला येतो, छाती जड होते. सुटीनंतर कामावर गेलेल्या पहिल्या दिवशी हा त्रास जास्त जाणवतो. बिसिनोसिस असे या रोगाचे नाव आहे. दुसरा धोका फिरत्या पट्ट्याचा. ओढणीचे टोक, साडीचा पदर किंवा सैल बाही त्यात अडकायला एक क्षण पुरतो. तिसरा धोका आगीचा. कापसाच्या ढिगाजवळ पेटलेली एक विडीही पुरेशी असते. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात धोका उजेडाचा असतो. काळ्या काचेशिवाय तो उजेड पाहिला की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते.

४ मार्च १९६६ रोजी आपल्या देशात राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. त्या दिवसाची आठवण म्हणून दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळतात. त्या निमित्ताने घोषवाक्यांच्या, चित्रांच्या, निबंधांच्या स्पर्धा होतात. स्पर्धा वाईट नाहीत. पण बक्षीस वाटले, टाळ्या झाल्या आणि चित्रे कपाटात गेली, एवढ्यावरच काम संपले तर कुणाची बोटे वाचणार? घोषवाक्य भिंतीला ऐकू येत नाही. ते माणसाच्या कानापर्यंत जायला हवे.

माणसाच्या कानापर्यंत कसे जावे, हे याच तालुक्यातल्या एका मुलाने पुढे साऱ्या महाराष्ट्राला दाखवले. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी मामाच्या घरी डेबूजी नावाचा मुलगा वाढला. तेच पुढे संत गाडगेबाबा झाले. गावात गेल्यावर ते आधी हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारीत. लोक उत्तरे देत आणि उत्तरे देता देता त्यांची चूक त्यांनाच कळे. कुणाचा अपमान होत नसे. तुम्हीही असेच करावे. अब्बांना उपदेश करू नका, प्रश्न विचारा. "अब्बा, आज कोणते औषध फवारले? डब्यावर कोणता रंग होता? हातमोजे मिळाले का?" अम्मीला विचारा, "पट्ट्यावर जाळी बसवली आहे का? तोंडाला बांधायला काय देतात?" लेकराने काळजीने विचारलेला प्रश्न कुणाला टोचत नाही. पण तो दुसऱ्या दिवशी कामावर असताना आठवतो.

यावर काही जण म्हणतील, "सुरक्षितता ही मालकाची जबाबदारी आहे. ती मुलांच्या डोक्यावर का टाकता?" हा आक्षेप खरा आहे. काम देणाऱ्यानेच कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवली पाहिजे. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेत ही जबाबदारी स्पष्टपणे मालकावर टाकली आहे. हातमोजे विकत घेणे, पट्ट्याला जाळी बसवणे ही तुमची कामे नाहीत. पण आपला हक्क काय आहे हे कामगाराला ठाऊकच नसेल, तर तो मागणार काय? ती माहिती घरात आणणे हे तुमचे काम आहे.

हे हक्क सहज मिळालेले नाहीत, हेही लक्षात ठेवा. भारतातला कारखान्यांविषयीचा पहिला कायदा १८८१ साली झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला ठेवण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले. धोक्याच्या यंत्रांभोवती कुंपण घालण्याची तरतूदही त्यात होती. नऊ तास, आणि तेही सात वर्षांच्या मुलासाठी! पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. १९४८ च्या कारखाने अधिनियमात तर कापूस दाबण्याच्या कारखान्यांसाठी स्वतंत्र कलम होते. कापूस मोकळा करणाऱ्या यंत्राच्या भागात स्त्रियांना व मुलांना कामावर ठेवू नये, असे ते सांगत होते. यांतले प्रत्येक पाऊल कुणीतरी प्रश्न विचारला म्हणूनच पडले.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. मदत करायची म्हणून तुम्ही स्वतः फवारणीचा पंप पाठीवर घेऊ नका, यंत्राजवळ जाऊ नका. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे. तुमचे काम वाचण्याचे, विचारण्याचे आणि सांगण्याचे आहे.

आज लावलेली ही सवय उद्या तुमच्याच उपयोगी पडेल. काही वर्षांनी तुम्हीही कुठे ना कुठे कामाला लागाल. तरुण कामगारांना प्रौढांपेक्षा जास्त इजा होतात, याकडे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ साली जगाचे लक्ष वेधले होते. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. नवा मुलगा काम नीट शिकलेला नसतो आणि विचारायला लाजतो. लोक हसतील, मालक काढून टाकील, अशी भीती त्याला वाटते. ज्याने लहानपणी घरात प्रश्न विचारले, तो कामाच्या पहिल्या दिवशीही विचारील, "हे यंत्र बंद कसे करायचे, ते आधी दाखवा."

तेव्हा आज शाळेतून घरी गेलात की एवढेच करा. घरात किंवा शेतातल्या खोपडीत औषधाचा डबा असेल, तर त्याला हात लावू नका. मोठ्यांना त्याचे पत्रक मागा आणि मराठीतला मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. एखादा शब्द अडला, तर उद्या वर्गात गुरुजींना विचारा. तो शब्द कदाचित परीक्षेत येणार नाही. पण तो कळल्यामुळे तुमच्या घरातले एक माणूस संध्याकाळी सुखरूप घरी येईल.