मोडीत जाणारी नावं

खामगाव म्हणजे चांदीची बाजारपेठ. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या घरांचा इतिहास शोधायचा, तर तो चांदीपेक्षा माळ्यावरच्या पितळेत जास्त सापडेल.

आंदणात आलेला गुंड उतरवून पुसून बघावा. काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नवरीचं नाव, देणाऱ्या मामाचं गाव, लग्नाची तारीख. कोरणाऱ्याची जागा संपली म्हणून शेवटची अक्षरं दाटीवाटीने बसवलेली. मोडीच्या दुकानात यातलं काही वाचलं जात नाही, फक्त वजन होतं.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, भांडी अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने संग्रहालय उभारलं आणि १९७५ मध्ये ते सरकारच्या हवाली केलं.

एवढा खटाटोप प्रत्येकाला कुठला जमायला! दोन खोल्यांत गुंड ठेवायचा कुठे, हा सुनेचा सवालही रास्तच. मात्र मोडीला देण्याआधी मोबाइलवर काठाचा फोटो काढावा आणि नावं कुणाची, ते घरातल्या आजीला विचारून लिहून ठेवावं. त्यात मानापानाची जुनी भांडणंही निघतील. निघू द्यावीत, तीही लिहावीत.