कॅल्क्युलेटर कोणता घ्यावा? परीक्षा मंडळांस एक खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सन्माननीय सदस्य,
परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठे.



अभियांत्रिकीचे प्रवेश पुरे होऊन पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांबरोबर कॅल्क्युलेटरचीही खरेदी सुरू झाली, की संगणकशाखेचा नवा विद्यार्थी आम्हा अध्यापकांना हमखास विचारतो, 'सर, कोणता घेऊ?' बारावीपर्यंत लॉग टेबलावर निभावून नेलेल्या त्या मुलाची अशा यंत्राची ही बहुधा पहिलीच खरेदी असते. आणि ज्या घरात शुल्काच्या हप्त्यांचीच ओढाताण चालली आहे, त्या घरात हजाराच्या पुढचा हा खर्च किरकोळ खचितच नसतो. त्याच्या गरजेस कोणते यंत्र पुरेल हे मी सांगू शकतो. परंतु तेच यंत्र परीक्षेच्या दालनात चालेल किंवा कसे, हे मात्र मला छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि याच कारणास्तव ही कैफियत आपल्यापुढे मांडीत आहे.

प्रथम गरजेविषयी. दुकानदार स्वस्त म्हणून पुढे करतो तो कॅसिओचा एफएक्स-८२एमएस आपल्या परीने उत्तम असला, तरी बायनरी, ऑक्टल व हेक्साडेसिमल संख्यांचे गणित त्यात नाही. जुन्या एफएक्स-९९१एमएसमध्ये ते आहे, पण बायनरीचे दहाच अंक मावतात. एफएक्स-९९१ईएस प्लसमध्ये सोळा मावतात, शिवाय एन्ट्रॉपी काढताना पदोपदी लागणारा, दोन हा पाया असलेला लॉगॅरिदम थेट घालता येतो. नेटवर्कच्या पेपरात १९२.१६८.१०.७७ हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.२२४ हा सबनेट मास्क देऊन नेटवर्कचा पत्ता विचारला, तर बेस-एन मोडमध्ये ७७ 'अँड' २२४ करताच ६४ हे उत्तर मिळते. ही सोय ज्याच्याजवळ नाही, त्याला ०१००११०१ आणि १११००००० एकाखाली एक मांडून अंकाला अंक ताडून पाहावा लागतो. उलटपक्षी, आरएसएच्या उदाहरणात ३१ चा सातवा घात ३३ ने भागून बाकी काढावयास सांगितली, तर २७५१२६१४१११ ही अकरा अंकी संख्या दहा अंकी पडद्यावर पूर्ण उमटतच नाही, आणि ३१ म्हणजे ३३ उणे २ हे ज्याने ओळखले, तो उणे १२८ वरून ४ ही बाकी तोंडी सांगून मोकळा होतो. तात्पर्य, आमच्या शाखेला बेस-एन, हव्या त्या पायाचा लॉग आणि लहान मॅट्रिक्स एवढे पुरते. त्यापलीकडची कार्ये बहुधा डब्यावरील जाहिरातीपुरतीच राहतात.

आता नियमाविषयी. कॅल्क्युलेटर 'नॉन-प्रोग्रामेबल' असावा, एवढ्या एका विशेषणावर सारा कारभार चालतो. सूत्रे व टिपणे यंत्रात साठवून कोणी आत आणू नये, हा त्यामागील हेतू सर्वथैव रास्त आहे. मात्र कोणते यंत्र त्या व्याख्येत बसते, याचा निवाडा प्रत्यक्षात पर्यवेक्षकाच्या नजरेवर सोपविलेला असल्यामुळे, स्प्रेडशीट व क्यूआर कोडची सोय असलेला, परंतु प्रोग्राम लिहिता न येणारा एफएक्स-९९१ईएक्स एका दालनात निर्वेध चालतो आणि शेजारच्या दालनात तोच टेबलावर जमा होतो. ह्युलेट-पॅकार्डने १९८२ साली खास संगणकशास्त्रासाठी काढलेला, ६४ बिटांपर्यंतची शब्दलांबी हाताळणारा एचपी-१६सी आज कोणा विद्यार्थ्याने आणला, तर तो प्रोग्रामेबल म्हणून दाराबाहेरच राहील; परंतु डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रश्नपत्रिकेच्या शिरोभागी मोलियर चार्ट व स्टीम टेबल वापरण्याची मुभा छापलेली मी पाहिली आहे. ज्या सूचनेचा त्या विषयाशी सुतराम संबंध नाही ती इमानेइतबारे छापली जावी, आणि जिच्यावाचून विद्यार्थ्याचे अडते ती कोठेही सापडू नये, याला परीक्षेची शिस्त म्हणणे कठीण आहे.

यावर तोडगे नाहीत असे नाही. अमेरिकेत अभियंत्यांच्या परवाना-परीक्षा घेणारी एनसीईईएस ही संस्था कॅसिओ, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स व ह्युलेट-पॅकार्ड यांची मान्य मॉडेले नावानिशी जाहीर करते; आपल्याकडील गेट परीक्षेने २०१६ पासून विद्यार्थ्याचे यंत्र बाहेर ठेवून सर्वांना पडद्यावर एकच कॅल्क्युलेटर दिला आहे. दोन्ही पद्धती परस्परांहून भिन्न असल्या, तरी काय चालेल हे परीक्षार्थीस आधी कळते आणि सर्वांस एकच न्याय लागू होतो, हा गुण दोहोंत सारखाच आहे.

म्हणून माझी विनंती अशी, की मान्य मॉडेलांची शाखावार यादी मंडळाने प्रवेशांपूर्वी प्रसिद्ध करावी. त्या वर्षी दाखल झालेल्या तुकडीसाठी ती पदवी मिळेपर्यंत कायम ठेवावी, म्हणजे दुसऱ्यांदा खर्चाची पाळी येणार नाही. तीच यादी प्रत्येक पर्यवेक्षकाच्या हाती द्यावी. आणि ज्यांना खरेदी झेपत नाही त्यांच्यासाठी काही यंत्रे विभागाच्या ग्रंथालयात ठेवण्याची तजवीज महाविद्यालयांकडून करवून घ्यावी. तोपर्यंत विचारणाऱ्या प्रत्येकास मी एफएक्स-९९१ईएस प्लस घे, बाजारात नकली माल फार असल्याने पावतीसह घे, असेच सांगत राहीन. परंतु हा सल्ला एका अध्यापकाच्या भरवशावर नव्हे, तर मंडळाच्या सहीशिक्क्यानिशी मिळावा, हा विद्यार्थ्यांचा हक्क आहे, आणि तो येत्या प्रवेशांपूर्वी त्यांच्या पदरी पडावा.

आपला नम्र,
संगणकशास्त्राचा एक अध्यापक, पुणे