राखण एकट्याची नव्हे, शिवाराची

भात पोटरीस आले की आमच्या कोन गावाकडील शेतकऱ्याची झोप संपली. दिवसा राबावे आणि रात्री बांधावर डबा बडवीत बसावे. पहाटे जरा डोळा लागला की रानडुकरांचा कळप शिरलाच! डुक्कर खाते थोडे, तुडविते फार. आश्विनात शाळेत मुले पेंगतात. आम्ही रागावतो, पण चौकशी करावी तो पोर बापाबरोबर रात्रभर राखणीस होते. म्हणजे डुकराने पीक नेले आणि विद्याही नेली.

यात दोष कोणाचा? मादी चार महिन्यांच्या आत विते आणि एका वेतास चार-सहा पिल्ले देते. कर्नाळ्याचे रान 1968 पासून अभयारण्य आहे, ते राहावेच. परंतु डुक्कर आता रानातच राहते असे नाही. भाव वाढेल म्हणून ज्यांनी जमिनी घेऊन पडीक टाकल्या, त्यांच्या झुडपांत ते दिवसा लपते आणि रात्री शेजारच्या कसणाऱ्याचे खाते. मालकास भाव, डुकरास आसरा आणि कसणाऱ्यास तोटा! हा कोठला न्याय?

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुकरास संरक्षण आहे. मात्र त्याच कायद्याच्या 11 व्या कलमात, उभ्या पिकाचा नाश करणाऱ्या डुकरास मारण्याची लेखी परवानगी अधिकाऱ्याने देण्याची सोय आहे. परवानगीवाचून मारणे गुन्हा होय. सरकार नुकसानभरपाईही देते. त्यासाठी तीन दिवसांच्या आत वनरक्षकाकडे तक्रार करून पंचनामा करवून घ्यावा लागतो. पण अर्जासोबत सातबारा हवा! 1948 च्या कुळकायद्यानंतरही तोंडी बोलीवर अर्धेलीने कसणारे पुष्कळ आहेत. त्यांचे नाव सातबाऱ्यावर कोठून असणार? घाम त्यांचा, नुकसान त्यांचे आणि भरपाई मात्र कागदवाल्याची! म्हणून पंचनाम्यात प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव लिहावे व पैसा त्याच्या हाती द्यावा, तसेच पडीक जमिनीवरील झुडपे मालकाने काढावीत, अशी आमची मागणी आहे.

आता दोन शब्द आपल्या बांधवांस. कुंपणात विजेची तार सोडू नका. ती डुक्कर ओळखीत नाही. बैल, वाटसरू, शेजाऱ्याचे लेकरू, कोणासही ती सारखीच मारते. एकट्याने कुंपण घातले तर डुक्कर शेजाऱ्याकडे वळते, एवढेच. ते बांध जाणत नाही, जात विचारीत नाही. आपण मात्र आगरी, कुणबी, कातकरी म्हणून वेगवेगळे जागतो! घरटी एक माणूस देऊन पाळ्या लावा. म्हणजे आठवड्यातून एक रात्र जागून सहा रात्री झोप मिळेल. नुकसान झाल्यास साऱ्यांनी मिळून त्याच दिवशी अर्ज द्या व त्याची पोच घ्या. अर्ज लिहिण्यास कोणाचे पाय धरू नका. शाळेत जाणारी तुमची मुलगी तो लिहील. तिला मात्र राखणीस बसवू नका!