घरच्या शाळेचा हिशेब

आपल्या मुलांना शाळेऐवजी घरीच शिकविणारी सुस्थित कुटुंबे वर्षाअखेरीस हिशेब मांडतात: काय साधले, काय राहिले, पुढील वर्षी काय बदलावे. २०२०-२१ साली शासनाने पहिलीदुसरीच्या मुलांची शाळा वर्षभर घरात ढकलली. तिचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. पहिली ते आठवीची मुले परीक्षेविना वरच्या वर्गात गेली. जुलै २०२१ मध्ये ४५ दिवसांचा ‘सेतू’ अभ्यासक्रम आला, तोही शाळा बंद असतानाच!

अकोल्याच्या जुन्या शहरात, असदगडाभोवतीच्या श्रमिक वस्त्यांत, एकाच खोलीत चूल, अंथरूण आणि शाळा नांदावी ही अपेक्षाच क्रूर होती. टाळेबंदी सैल होताच घरातला एकुलता मोबाइल बापाबरोबर कामावर जाई. त्या वर्षी पहिलीत असलेली मुले २०२५ मध्ये सहावीत गेली. अक्षरओळखीचे वर्ष त्यांना कोणी परत दिलेले नाही. महापालिकेच्या प्रत्येक शाळेत, मराठी असो वा उर्दू, रोज संध्याकाळी शिक्षकासह अभ्यासिका चालली पाहिजे. निवेदन नेण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन, कोणते मूल वाचू शकत नाही याची यादी करावी. शाळा सोडून कामाला लागलेली मुले त्या यादीत आधी यावीत.