‘स्कोप’ सोडा, आधी लॅब दाखवा म्हणा!

बारावीचा निकाल लागला की लोकलमध्ये, सोसायटीच्या जिन्यात एकच प्रश्न: "बीएस्सीला कशात स्कोप आहे हो?"

डोंबिवली एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, हा प्रश्नच चुकीचा आहे. आणि त्याचा फायदा कॉलेजं घेतात.

भाचीच्या प्रवेशाला गेलो होतो. कॉलेजचं नाव घेत नाही. विचारलं, फिजिक्स मेजरला मॅथ्स मायनर मिळेल? उत्तर: "टाइमटेबलमध्ये बसत नाही, केमिस्ट्री घ्या." मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, सगळं कागदावर आहे. पण शिक्षक जेवढे, तेवढीच निवड. मग याला मुलांची आवड कशाला म्हणायचं?

वर आम्हीच म्हणतो, "आजकालच्या पोरांना काय करायचंय तेच कळत नाही." अठराव्या वर्षी कळणार कसं? सांगतंय कोण?

औषध कारखान्यातल्या काही पदांना पदवीला केमिस्ट्री हा मुख्य विषय लागतो. तिथे मायनरवर भागत नाही. चौथं वर्ष रिसर्चसह ऑनर्सचं करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. हे तिसऱ्या वर्षी कळून काय उपयोग?

"एमआयडीसी दाराशी आहे, नोकरी लागेलच" हा दुसरा भ्रम. २३ मे २०२४ ला अमुदान कंपनीत स्फोट झाला आणि धोकादायक कारखाने हलवायची चर्चा पुन्हा सुरू झाली. शिवाय आमच्याकडे नवी मुलं येतात ती कंत्राटदाराच्या पगारावर.

केमिस्ट्री घेऊ नका असं मी म्हणत नाहीये. माझं घर त्यावरच चाललंय. पण डोळे उघडे ठेवून घ्या.

ठाणे असो, कल्याण असो की डोंबिवली, फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. या विषयाला कायमस्वरूपी शिक्षक किती? कोणते मायनर खरोखर चालू आहेत? मागच्या तीन बॅचची मुलं आज कुठे आहेत? उत्तरं लेखी मागा. आणि लॅब बघितल्याशिवाय गेटबाहेर पडू नका.

साधी सदनिका घेताना आपण नळ उघडून पाणी येतं का बघतो. इथे तर पोरांची तीन-चार वर्षं पणाला लागली आहेत.